किसणी लपवलीस का?

इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्याची मालकीण खालच्याच मजल्यावर राहायची. ऐंशी ओलांडलेली, एकटी. १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी भाड्याचे पैसे द्यायला खाली गेले, तर ही बाई स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेली. एका हातानं फडताळाची कड घट्ट धरलेली आणि दुसऱ्या हातात चीज किसायची किसणी. मी धावत जाऊन तिला आधार दिला. तिनं किसणी फडताळाच्या वर, अगदी भिंतीलगत सरकवली, खाली उतरून हात झटकले आणि मलाच विचारलं, "तू लपवलीस का तुझी?"

माझी किसणी वर ओट्यावरच पडली होती. सकाळीच गाजर किसलं होतं.

मग तिनं मला बसवून घेतलं आणि सांगितलं. आज रात्री मेलेली माणसं घरी येतात. पोरांसाठी खेळणी, मिठाई, नवे बूट घेऊन येतात. पण वर्षभर ज्यानं घरच्यांना छळलं असेल, त्याचे तळपाय किसणीनं किसून जातात. म्हणून सिसिलीतल्या आज्या या रात्री किसणी लपवतात. तिच्या घरात तेव्हा लहान पोर एकही नव्हतं. मुलगी उत्तरेला तोरिनोत, नातवंडं तिकडंच वाढलेली, नोकरीला लागलेली. तरी किसणी दर वर्षी वर जायची.

पहिले काही आठवडे मी तिला सिन्योरा म्हणत होते. त्या संध्याकाळपासून आजी म्हणायला लागले. या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर तिनं तो दोन-तीनदा घोळवून म्हणून पाहिला आणि तो नीट जमला, यावर खूश झाली.

मी पालेर्मोच्या विद्यापीठात लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांवर काम करायला दोन वर्षांसाठी गेले होते. पोचले ते सप्टेंबरात, ऐन पितृपंधरवड्यात. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, अप्पा मी कॉलेजात असतानाच गेलेले. सोलापूरला भाऊ सगळं करत होता, मला काही करायची गरज नव्हती. तरी तिथीच्या दिवशी राहवेना. भात, वरण, खीर, उडदाचे चार वडे केले, कागदी ताटलीत वाढले आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवले. पालेर्मो बंदराचं गाव. कावळा काही दिसला नाही, बंदरावरून एक भलाथोरला सीगल आला, पिवळ्या चोचीत वडा धरला आणि उडून गेला. मी बराच वेळ तिथंच उभी होते. पान शिवलं गेलं असं समजायचं की नाही, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं.

तर २ नोव्हेंबरची सकाळ. दार उघडलं तर उंबऱ्याशी वेताची टोपली. याला तिथं 'कान्नीस्त्रू' म्हणतात. आत डाळिंब, सुकी अंजिरं, चेस्टनट, खडखडीत पांढरी बिस्किटं, बदामाच्या मिठाईची चार फळं आणि खाली घडी घालून ठेवलेले लोकरीचे मोजे. आजी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून वर बघत होती.

"तुझी आई ठेवून गेली रात्री," ती म्हणाली.

"एवढ्या लांबून?"

"त्यांना व्हिसा लागत नाही, फिग्गिया मिया."

फिग्गिया मिया म्हणजे माझ्या पोरी. टोपली घेऊन मी घरात आले आणि मोजे घालून पलंगावर बसून राहिले. त्या दिवशी कामाला उशिरा गेले.

या टोपलीतली एकेक वस्तू नंतर मला कळत गेली. बदामाच्या फळांना 'फ्रुत्ता मार्तोराना' म्हणतात. पालेर्मोत एलोइजा मार्तोराना नावाच्या बाईनं बाराव्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती जोगिणींचा मठ काढला, त्यावरून हे नाव पडलं. गोष्ट अशी सांगतात की मठात कुणी बडा पाहुणा यायचा होता, झाडांना तर फळं नव्हती, म्हणून जोगिणींनी बदामाची फळं करून फांद्यांना टांगली. बदामाचं पीठ आणि साखर मळायची, साच्यात दाबायची आणि ब्रशनं रंगवायची. आपल्याकडे वसई-गोव्याकडे नाताळात काजूचं मर्झिपान करतात, त्याचं हे बदामाचं भावंड. पण रंगकाम असं की मी निवडुंगाचं बोंड खरं समजून काटा टोचेल म्हणून जपून उचललं. अंजीर उललेलं होतं आणि आतल्या बियासुद्धा काढलेल्या होत्या. संत्र्याच्या सालीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं. माझं सगळं काम संत्र्याच्या सालीवरच्या डागांवर, त्यामुळे मी ते भिंग घेऊन पाहिलं. कुणीतरी एक तपकिरी डागही रंगवला होता, खऱ्या झाडावरच्या फळाला असतो तसा.

खडखडीत बिस्किटं म्हणजे मेलेल्यांची हाडं. नावच तसं. पीठ, साखर आणि लवंग, एवढंच. आकार करून काही दिवस नुसते वाळवतात. मग भट्टीत घातल्यावर आतली साखर वितळून खाली उतरते, तिचा तपकिरी तळ होतो आणि वरचं कवच पांढरंशुभ्र, पोकळ राहतं. दाताखाली कडकन मोडतं. याशिवाय साखरेचे पोकळ पुतळे असतात, आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखे रंगवलेले. पूर्वी ते ढाल-तलवारवाले सरदार असायचे, हल्ली फुटबॉलपटूसुद्धा असतात. आणि शहरात मृतांच्या नावानं जत्रा भरते. तिचं नावच मृतांची जत्रा, आणि तिथं विकायला काय, तर खेळणी.

हे मला फार दिवस पचत नव्हतं. आपल्याकडे पितृपंधरवड्यात कुणी रुमालही नवा घेत नाही. दुकानदार तो पंधरवडा कसाबसा काढतात. आपण पितरांना वाढतो, त्यांना तृप्त करून परत पाठवतो आणि ते शांत राहावेत म्हणून हात जोडतो. मुलांना तर त्या खोलीतही येऊ देत नाहीत. सिसिलीत देवाणघेवाणीची दिशाच उलटी. तिथं गेलेला आजोबा नातवाला सायकल आणतो. ज्या नातवानं आजोबाला कधी पाहिलंही नाही, त्याला सकाळी सांगतात, ही तुझ्या आजोबांनी आणली. मग दुपारी सगळे स्मशानात फुलं घेऊन जातात आणि ते पोर त्या थडग्यासमोर उभं राहतं, तेव्हा सायकल देणाऱ्या माणसाला भेटायला आलेलं असतं.

पालेर्मोत जुझेप्पे पित्रे नावाचा डॉक्टर होऊन गेला. १८४१ ते १९१६. खलाशाचा मुलगा. दिवसभर रोगी तपासायचे आणि रोग्यांच्या तोंडून गाणी, म्हणी, गोष्टी, तोडगे टिपून घ्यायचे, हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. १८७१ ते १९१३ या काळात त्याचे सिसिलीच्या लोकपरंपरांवरचे पंचवीस खंड निघाले. त्यानं या रात्रीबद्दलही लिहून ठेवलंय की मेलेले येताना शिंप्यांच्या आणि मिठाईवाल्यांच्या दुकानांतून वस्तू चोरून आणतात. गरिबाच्या घरातल्या मेलेल्याकडं पैसे कुठले असणार? पोरासाठी चोरी करणारा मेलेला बाप, ही कल्पना ज्या कुणा बाईनं आपल्या पोराला पहिल्यांदा सांगितली असेल, तिच्या घरात काय परिस्थिती असेल, हे मला त्या एका वाक्यात दिसलं.

डिसेंबरात आजीनं सकाळीच बजावलं, "आज पाव नाही, पास्ता नाही." १३ डिसेंबर, सांता लुचिया या ख्रिस्ती संतिणीचा दिवस. सिसिलीच्या माणसाला पाव-पास्ता सोडायला सांगणं म्हणजे आपल्याला भाकरी आणि भात दोन्ही सोडायला सांगण्यासारखं. कारण विचारलं तर ती सन १६४६ वर गेली. दुष्काळ पडला होता. लोक देवळात बसून होते आणि सांता लुचियाच्या दिवशी धान्याचं जहाज बंदराला लागलं. भूक एवढी होती की दळायला कुणी थांबलं नाही, गहू तसेच उकडून खाल्ले. जहाज पालेर्मोला लागलं की सिराकुझाला, यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे. लुचिया मूळची सिराकुझाची. ३०४ साली तिला मारलं. तिची चांदीची मूर्ती देवळातून बाहेर आली की तिथले लोक ओरडतात, 'सिराकुझाची आहे ती!' यात जरा पालेर्मोला ठणकावणंही असावं.

त्या दिवशीचा पदार्थ 'कुच्चीया'. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कितीतरी तास शिजवायचे. पालेर्मोत त्यात रिकोट्टा चीज आणि साखर घालतात, वर भोपळ्याचे साखरेत मुरवलेले तुकडे आणि दालचिनी. आजीनं वाटी पुढं केली. पहिला घास घेतला आणि मला हुग्गी आठवली. सोलापूर-विजापूरकडं गव्हाची खीर करतात तीच. गूळ आणि खोबरं वेगळं, पण तो फुटलेला, चिकट, दाताखाली जरा दम धरणारा गव्हाचा दाणा तोच. आई हुग्गी करायची तेव्हा आदल्या दिवसापासून घरात गव्हाचा ओलसर वास असायचा. मी दुसरी वाटी मागितली. आजीनं तिसरीही दिली आणि वर सांगितलं की हे जास्त करून शेजारीपाजारी वाटायचंच असतं, भुकेच्या दिवसाची आठवण एकट्यानं खायची नसते.

फेब्रुवारीत मी बसनं कातानियाला गेले. तिथल्या संत आगाताचा उत्सव, ३ ते ५ फेब्रुवारी. कातानिया एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं गाव. घरं, रस्ते सगळे लाव्हाच्या काळ्या दगडाचे. त्या काळ्या रस्त्यांवर पांढऱ्या वेशातली माणसं उतरतात. हजारो. घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, कमरेला दोरी, पांढरे हातमोजे, डोक्याला काळी मखमली टोपी. झग्याला 'साक्कू' म्हणतात. माझ्या छातीत एकदम धस्स झालं, कारण मी सोलापूरची. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत आमचं अख्खं गाव पांढऱ्या बाराबंदीत असतं. अप्पा पहाटे बाराबंदी चढवून, बंद बांधून घ्यायला आईपुढं उभे राहायचे. सात नंदीध्वजांच्या त्या उंच काठ्या कमरेच्या पट्ट्यात तोलून धरलेल्या आणि पाठीमागं पांढऱ्या कपड्यांचा लोंढा. कातानियात उंच काठ्यांऐवजी लाकडी कोरीव मनोरे होते, सोन्याचा मुलामा दिलेले. त्यांना 'कान्देलोरे' म्हणतात. एकेक मनोरा एकेका धंद्याचा. मासेवाल्यांचा, खाटकांचा, भाजीवाल्यांचा, पास्तावाल्यांचा. पाववाल्यांचा सगळ्यात जड, त्याला सगळे आई म्हणतात. खांद्यावर घेणारे तो नुसता वाहून नेत नाहीत, तालात झुलवत नेतात. अप्पा असते तर त्यांनी खांदेकऱ्यांची पावलं पाहिली असती आणि कोण नवा, कोण मुरलेला ते सांगितलं असतं.

आगाताची गोष्ट मला आधी वाचून माहीत होती. सन २५१. रोमन सुभेदार क्विंतियानस तिच्या मागं लागला, ती बधली नाही. त्यानं तिचे स्तन कापवले. ५ फेब्रुवारीला तुरुंगातच तिचा जीव गेला. पुढं वर्षभरात एटना उसळला आणि लोकांनी तिच्या थडग्यावरचं वस्त्र लाव्हाच्या वाटेत नेऊन धरलं. आजही लाव्हा उतरला की त्या वस्त्राची आठवण निघतेच. १०४० साली बायझंटाईन सेनापती तिच्या अस्थी कॉन्स्टँटिनोपलला घेऊन गेला. ११२६ मध्ये दोन सैनिकांनी त्या परत आणल्या. रात्रीची वेळ होती, लोक झोपायच्या कपड्यांतच धावत सुटले, म्हणून हा पांढरा झगा, असं म्हणतात.

हे सगळं वाचून गेले होते, तरी मिठाईच्या दुकानात जे पाहिलं त्याची तयारी नव्हती. काचेमागं ओळीनं मांडलेले पांढरे गोल घुमट, गुळगुळीत साखरेच्या लेपाचे, आणि प्रत्येकाच्या टोकावर एक लाल चेरी. नाव 'मिन्ने दी सांतागाता'. आगाताचे स्तन. लहान पोरं आईचा हात ओढून ते मागत होती.

मी दुकानातून बाहेर आले.

माझी आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली. गाठ हाताला लागल्यावर आठ महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. मला नाही, भावाला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात, तेव्हा ती छताकडं बघत राहिली. नंतर एकदा मला म्हणाली, "कसं सांगायचं गं, काय शब्द वापरायचा?" माझी आई शिकलेली होती, रोज पेपर वाचायची. तिच्याजवळ त्यासाठी शब्द नव्हता असं नाही. घरात मोठ्यानं म्हणता येईल असा नव्हता.

त्या रात्री मी रस्त्याच्या कडेला उभी होते. चांदीचा रथ येत होता. याला घोडे नाहीत, यंत्र नाही. शंभर मीटरच्या वर लांबीचे दोन दोर आणि ते ओढणारी पांढऱ्या झग्यातली माणसं. मधूनच एकजण ओरडतो, 'आपण सगळे भक्त आहोत ना?' आणि हातातले पांढरे रुमाल हवेत फडफडायला लागतात, उत्तर येतं, 'नागरिकांनो, सांताइता की जय!' आगाता त्यांच्या तोंडात सांताइता होते. माझ्या बाजूला पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. त्याही झग्यात, खांद्यावर माझ्या दंडाएवढी जाड मेणबत्ती. नवस बोललेल्याच्या वजनाएवढ्या मेणबत्त्याही लोक वाहतात. त्यांच्या टोपीखालून नुकतेच उगवायला लागलेले, बोटभर केस दिसत होते. त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. मी बघतेय हे त्यांना कळलं. त्यांनी मोकळ्या हातानं स्वतःच्या छातीच्या डाव्या बाजूला थापटलं आणि म्हणाल्या, "ही तिनं घेतली. बाकीची मी राहिले." आणि हसल्या. मग विचारलं, "तुझं कोण?"

मी कुणाबद्दल काही बोलले नव्हते. तरी विचारलं.

"आई," मी म्हणाले. त्यांनी मेणबत्ती माझ्याकडं जराशी कलती केली, मी दोन्ही हातांनी धरली. आम्ही तशाच रथ पुढं जाईपर्यंत धरून उभ्या होतो. गरम मेण माझ्या मनगटावर ओघळलं आणि थिजलं.

सकाळी परत त्या दुकानात गेले. एक 'मिन्ना' विकत घेतली, दुकानाबाहेरच्या दगडी पायरीवर बसून खाल्ली. आत रिकोट्टा, मऊ केक, चॉकलेटचे कण. फार गोड. रस्त्यावर मेणाचे थर पडले होते, त्यांवर लाकडाचा भुसा टाकलेला. उत्सवानंतर कितीतरी दिवस तिथं दुचाक्या घसरतात, टायर करकरतात. कातानियाच्या लोकांना तो आवाज ओळखीचा असतो. सतराशे वर्षं जुनी ती जखम ते दर वर्षी दुकानाच्या काचेत मांडतात, आणि त्यामुळे त्या गावातल्या बाईला हात छातीवर ठेवून बोलता येतं. सोलापूरच्या आमच्या गल्लीत असं एखादं दुकान असतं, तर आई त्या आठ महिन्यांतला एखादा तरी महिना आधी बोलली असती, असं मला त्या पायरीवर बसून वाटलं. अजूनही वाटतं.

वसंतातले उत्सव मी थोडे घाईनं पाहिले. कामाचे दिवस होते. १९ मार्चला संत जोसेफचा सण. सालेमी गावात पावाचे देव्हारे बांधतात. पाव म्हणजे खायचा म्हणण्यापेक्षा कोरायचा. मोर, फुलं, शिडी, चंद्र, सूर्य, सगळं कणकेचं. ईस्टरच्या रविवारी मोदिकात काळी शाल पांघरलेली मेरीची मूर्ती मुलाला शोधत गावभर फिरते आणि दुपारी बाराला तो समोर दिसला की शाल गळून पडते, खालून निळा झगा दिसतो, कबुतरं उडतात आणि मूर्तीचे हात उचलले जातात. हात कळीवर चालतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक रडतात. मीही रडले.

पण त्रापानीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. गुड फ्रायडेला दुपारी दोनला तिथल्या एका चर्चमधून मिरवणूक निघते ती शनिवारी दुपारी परत येते. चोवीस तास. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसातले वीस देखावे, लाकूड आणि सरसात बुडवलेल्या कापडाच्या मूर्ती, काहींचं वजन टनाच्या वर. इथंही प्रत्येक देखावा एकेका धंद्याकडं, कोळ्यांकडं, मिठागरवाल्यांकडं, शिंप्यांकडं. लाकडी टाळीचा खडखडाट झाला की खांदे देणारे एकदम उचलतात आणि बँड शोकाची धून वाजवायला लागतो. मग ते चालत नाहीत, झुलतात. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. या झुलण्याला 'आन्नकाता' म्हणतात. मी बाजूच्या माणसाला अर्थ विचारला. तो म्हणाला, 'नाका' म्हणजे पाळणा, त्यावरून. खांदेकरी पाळणा हलवतात.

रात्री दोनच्या सुमाराला मेलेल्या ख्रिस्ताची काचेची पेटी माझ्यासमोरून गेली. चाळीसएक पुरुष, घामानं निथळलेले, एकमेकांच्या खांद्यात हात अडकवलेले, आणि त्यांच्या खांद्यावर ते प्रेत तान्ह्या पोरासारखं झुलत होतं. मागून मेरी. शनिवारी चर्चच्या दाराशी आल्यावर एकेक देखावा आत जायला तयारच होत नाही. चार पावलं आत, परत बाहेर, परत आत. लोक टाळ्या वाजवतात, खांदेकरी ढसाढसा रडतात. आईला न्यायला माणसं आली तेव्हा भाऊ उंबऱ्यात असाच आडवा उभा राहिला होता. "जरा थांबा, जरा थांबा," म्हणत. कुणीतरी त्याला बाजूला केलं. त्रापानीत कुणी कुणाला बाजूला करत नव्हतं.

पालेर्मोची स्वतःची देवी म्हणजे रोझालिया. १६२४ साली शहरात प्लेग शिरला. खुद्द व्हाइसरॉय त्यात गेला. शहराला आधीच्या चार रक्षणकर्त्या संत होत्या, त्यांचा उपाय चालेना. मग पेल्लेग्रीनो डोंगरावरच्या गुहेत एका बाईच्या अस्थी सापडल्या. त्या रोझालियाच्या म्हणून ओळखल्या गेल्या, बाराव्या शतकातली घर सोडून डोंगरावर राहिलेली मुलगी. पुढच्या वर्षी अस्थींची मिरवणूक निघाली आणि प्लेग ओसरला. १४ जुलैच्या रात्री तिचा भलामोठा रथ निघतो, लोक उकडलेल्या गोगलगायी आणि कलिंगड खात रस्त्यावर रात्र काढतात. मला तो गलका फारसा भिडला नाही. मला भिडली ती सप्टेंबरातली डोंगराची चढण.

आमच्या गल्लीत जाफनाहून आलेल्या एक तमिळ बाई किराणा दुकान चालवायच्या. तूरडाळ, कढीपत्ता, चिंच, सगळं त्यांच्याकडं मिळायचं. मी त्यांना अक्का म्हणायचे. श्रीलंकेतलं युद्ध पेटल्यावर १९८० नंतर बरेच तमिळ पालेर्मोत येऊन स्थिरावले. त्यांतले पुष्कळ हिंदू आहेत आणि रविवारी रोझालियाच्या डोंगरावर जातात. ३ सप्टेंबरच्या रात्री अक्का मला घेऊन निघाल्या. जुनी दगडी वाट, चढण चांगली लांब. पुष्कळ लोक अनवाणी. अक्काही अनवाणी, हातात मोगऱ्याची ओंजळभर फुलं. मी विचारलं, तुम्ही हिला कोण मानता? त्या दम खायला थांबल्या होत्या. म्हणाल्या, "डोंगरावर राहते, एकटी राहते, मागितलं की देते. आपलीच ना मग?"

वर गुहेतच देऊळ आहे. छतातून सतत पाणी झिरपतं, ते अंगावर पडू नये म्हणून कपारींतून पत्र्याच्या पन्हळी फिरवल्यात, वाकड्यातिकड्या. मेणबत्त्यांचा उजेड, ओल्या दगडाचा वास आणि पन्हळीतून टपटप. अक्कांनी फुलं ठेवली, कानाची पाळी धरून दोनदा वाकल्या. त्यांच्या बाजूला एक पालेर्मोची म्हातारी गुडघ्यांवर होती. तिनं अक्कांना सरकून जागा दिली.

मी परत आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जुलै २०२४ मध्ये रोझालियाच्या उत्सवाला चारशे वर्षं झाली, तेव्हा आजीनं तिच्या मुलीकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. दिसत काहीच नव्हतं, नुसता उजेड आणि आरडाओरडा, आणि मधूनच आजीची हनुवटी. ती ओरडून विचारत होती, रथ दिसतोय का, रथ दिसतोय का. मी दिसतोय म्हणाले.

पुढच्या जानेवारीत ती गेली. मुलीनं कळवलं.

त्या वर्षी सर्वपित्रीला मी सोलापूरला भावाकडं होते. गुरुजी एकेक नाव घेत होते. आई-अप्पांचं झालं, आजोबा-पणजोबांचं झालं, मामांचं झालं. शेवटी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, गुरू, मित्र, आप्त, आणखी कुणी? भावानं माझ्याकडं पाहिलं. मी नाव सांगितलं. गुरुजींनी ते दोनदा विचारून घेतलं, तोंडात बसवलं.

"गोत्र?"

मी भावाकडं पाहिलं.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं," गुरुजी म्हणाले आणि भावाच्या हातावरून तिळाचं पाणी तिच्या नावानं सोडायला लावलं.

आतून वहिनीचा आवाज आला. आल्याची चटणी राहिली होती, आलं किसायचं होतं आणि किसणी सापडत नव्हती. तिनं ओटा पाहिला, मांडणी पाहिली, धुण्याची भांडी उपसली. "काल रात्री इथंच होती की गं," ती म्हणाली. भावाची सात वर्षांची मुलगी दारात उभी होती, हात पाठीमागं धरून. तिला आदल्या रात्री झोपताना मी ही सगळी गोष्ट सांगितली होती. ती काही बोलली नाही. माझ्याकडं बघून तिनं हळूच मान हलवली, सांगू नकोस म्हणून.